पहिली खेळी आणि नंतरच्या पंचेचाळीस

रूढ मार्ग सोडून कुणी यशस्वी झाला की त्या यशाचे सगळे श्रेय मार्ग सोडण्याच्या एका क्षणाला देऊन टाकण्याची सवय आपल्याला जडली आहे. साहित्याच्या चर्चेत तर ही सवय फार जुनी आहे. 'संकेत झुगारले', 'चौकट मोडली', 'मळलेली वाट नाकारली' अशी विधाने केली की समीक्षकाचे काम संपले असे मानले जाते. चौकट मोडल्यानंतर त्या माणसाने पुढे नेमके काय केले, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. या सवयीची तपासणी करण्यासाठी साहित्याबाहेरचे एक उदाहरण घ्यावे असे आम्हांला वाटते. बुद्धिबळाचे उदाहरण सोयीचे अशासाठी, की तेथे प्रत्येक खेळीची नोंद राहते; कोणत्या खेळीला किती श्रेय द्यावयाचे हे चाळीस-पन्नास वर्षांनंतरही पट मांडून पडताळता येते.

जानेवारी १९८०मध्ये स्वीडनमधील स्कारा येथे युरोपीय सांघिक अजिंक्यपदाची अंतिम स्पर्धा भरली होती. सोव्हिएत संघ आणि इंग्लंड यांच्या लढतीत पहिल्या पटावर अनातोली कार्पोव्ह आणि टोनी माइल्स समोरासमोर बसले. कार्पोव्ह १९७५पासून विश्वविजेता होता. १९७८ साली बाग्यो येथे कोर्चनॉयविरुद्ध त्याने ते पद राखले होते. पदावर नुसता बसून राहणारा हा विजेता नव्हता. स्पर्धांमागून स्पर्धा खेळून आणि जिंकून तो आपले श्रेष्ठत्व सिद्ध करीत आला होता. माइल्स बर्मिंगहॅमचा, २४ वर्षांचा. १९७४ साली तो ज्युनियर विश्वविजेता झाला होता. १९७६ साली त्याला ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. प्रत्यक्ष पटावर खेळून तो मिळवणारा ब्रिटनमध्ये जन्मलेला तो पहिला खेळाडू. म्हणजे माइल्स सामान्य नव्हता. पण कार्पोव्हसमोर, त्यातही काळ्या मोहऱ्या घेऊन, त्याने डाव बरोबरीत सोडवला असता तरी त्याचे कौतुकच झाले असते.

कार्पोव्हने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. या खेळीला काळ्याने द्यावयाची मान्यवर उत्तरे ठरलेली आहेत: समोर तसेच प्यादे, सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान आणि आणखी काही. माइल्सने यांपैकी काहीही न करता वजिराच्या बाजूचे अगदी कडेचे, हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवले. कार्पोव्हने पटाच्या मध्यभागी दुसरे प्यादे आणून ठेवल्यावर माइल्सने आपल्या कडेच्या प्याद्याशेजारचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. प्रेक्षकांत हशा पिकला. या हशाचा उल्लेख पुढे माइल्सने स्वतःच केला आहे.

हा हशा अडाणीपणाचा नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. डावाच्या पहिल्या दहा-पंधरा खेळ्यांविषयी पिढ्यानपिढ्या साठत आलेल्या ज्ञानाला बुद्धिबळात 'ओपनिंग थिअरी' म्हणतात. आपण त्याला प्रारंभशास्त्र म्हणू. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूचा ग्रंथ १५६१ सालचा. तेव्हापासून हे शास्त्र वाढत आले आहे आणि त्याची मूलतत्त्वे अनुभवातून, हजारो हरलेल्या डावांतून सिद्ध झालेली आहेत. पटाच्या मध्यावर ताबा मिळवा, घोडे आणि उंट लवकर बाहेर काढा, राजाचा किल्लेकोट करून घ्या, एकच मोहरे पुन्हापुन्हा हलवू नका. कडेचे प्यादे एक घर सरकवण्याने यांपैकी काहीच साधत नाही. मध्य मिळत नाही, कुठलेही मोहरे बाहेर येत नाही आणि प्रतिपक्षाला एक खेळी फुकट मिळते. विश्वविजेत्यासमोर पहिल्याच खेळीत हे करणे म्हणजे मैफलीत मोठ्या गवयासमोर बसून जाणूनबुजून बेसूर षड्ज लावण्यासारखे होते. ज्यांना शास्त्र कळत होते तेच हसले.

आता पुढे काय झाले ते पाहू, कारण या डावाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण येथेच थांबतात आणि एकदम निकालावर उडी मारतात.

माइल्सने तिसऱ्या खेळीत वजिराच्या बाजूचा उंट लांब तिरप्या रेषेवर आणला. तेथून तो कार्पोव्हच्या मध्यावरील प्याद्यावर नजर ठेवून होता. चौथ्या खेळीत घोडा बाहेर आला आणि त्याने त्याच प्याद्यावर दुसरा दाब आणला. सहाव्या खेळीत माइल्सने आणखी एक प्यादे पुढे करून थेट मध्यालाच आव्हान दिले आणि कार्पोव्हला तेथे मारामारी करावी लागली. सिसिलियन बचावाचा थोडाफार अभ्यास असलेल्या माणसाला यातील काहीही परके वाटणार नाही. मध्य आधी दुसऱ्याला घेऊ द्यावयाचा आणि मग बाजूने त्यावर दाब आणावयाचा, हा विचार तोवर बुद्धिबळात चांगला रुळलेला होता. माइल्सने शास्त्राचा शब्द मोडला होता. त्याचा अर्थ मोडला नव्हता. हशा पिकवणारी ती दोन प्यादी उंटासाठी जागा करून देत होती आणि वजिराच्या बाजूला पाय रोवत होती.

कार्पोव्हने नवव्या खेळीत मध्यावरचे प्यादे पुढे रेटून घोड्याला हुसकले. पण त्यामुळे त्या घोड्याला पटाच्या मधोमध एक उत्तम घर मिळाले. विसाव्या खेळीच्या आसपास विश्वविजेत्याने वजीर आणि उंट काळ्या राजाच्या दिशेने एकाच तिरप्या रेषेत लावून हल्ल्याची जुळवाजुळव केली. येथे दचकणारा खेळाडू राजाभोवती मोहरे गोळा करतो. माइल्सने एक हत्ती मारून घेतला, मग वजिराने एक प्यादे खाल्ले आणि पुढच्याच खेळीत दुसरे. कार्पोव्हने एक प्यादे परत मिळवले, तरी हिशेबात माइल्स एका प्याद्याने पुढे राहिला. अठ्ठाविसाव्या खेळीत वजिरांची अदलाबदल झाली. तेव्हा माइल्सकडे एक प्यादे जास्त होते आणि दोन्ही उंट शाबूत होते.

आमच्या मते या डावाचे खरे मर्म येथून पुढे आहे. वजीर गेल्यानंतर उरलेला डाव हा कार्पोव्हचा प्रांत. अगदी छोट्या वरचढपणातून, घाई न करता, प्रतिपक्षाची एकेक वाट बंद करीत विजय काढणे ही त्याची ख्याती. माइल्सने नेमके तेच त्याच्याविरुद्ध केले. राजाला सुरक्षित वाटेने मध्याकडे आणले, उंट एकमेकांना पूरक अशा घरांवर बसवले, हत्ती मोकळ्या पट्टीवर नेला आणि तो शत्रूच्या गोटात उतरवला. या अठरा-एकोणीस खेळ्यांत चमत्कृती म्हणावी असे काही नाही. कुठल्याही जुन्या पाठ्यपुस्तकात नमुना म्हणून छापावे असे हे शिस्तीचे काम आहे. सेहेचाळिसाव्या खेळीनंतर कार्पोव्हने हार मानली. त्या स्पर्धेत इंग्लंडला कांस्यपदक मिळाले, आणि आजही स्काराचे नाव निघाले की आठवतो तो हाच डाव.

मग पहिल्या खेळीचे श्रेय किती? ते शून्य आहे असे आम्ही म्हणत नाही. कार्पोव्हच्या एका खेळीमागे एक माणूस नव्हता. सोव्हिएत राज्यव्यवस्थेने पोसलेली बुद्धिबळाची एक संपूर्ण यंत्रणा होती: शाळा, प्रशिक्षक, विश्लेषक, डावांचे संग्रह. कार्पोव्ह स्वतः लहानपणी बोत्विनिकच्या प्रशिक्षणवर्गात शिकलेला. सिसिलियन किंवा फ्रेंच खेळून माइल्स त्या डावात उतरला असता, तर पहिल्या पंधरा-वीस खेळ्यांत त्याला एकट्याने त्या यंत्रणेशी झुंजावे लागले असते. कडेच्या प्याद्याने ती यंत्रणा पटाबाहेर राहिली. दुसऱ्या खेळीपासून कार्पोव्ह एकटा होता आणि माइल्सही एकटा होता. दुबळ्या पक्षाला आपले बळ वाढवता येत नसेल, तर समोरच्याचे उसने बळ तरी निकामी करता यावे, एवढा या खेळीचा आशय. त्यासाठी माइल्सने किंमत मोजली, ती म्हणजे पांढऱ्याला मिळालेली बरी परिस्थिती. आजचे संगणकही या प्रारंभाला पांढऱ्याच्या बाजूने थोडा झुकलेला मानतात. हरलेला मानत नाहीत. माइल्सने तो सौदा समजून-उमजून केला.

मात्र असा सौदा नेहमी लाभतोच असे नाही. मे १९९७मध्ये न्यूयॉर्कला 'डीप ब्लू' या संगणकाविरुद्धच्या सामन्यातील तिसऱ्या डावात गॅरी कास्पारोव्हनेही हेच तर्कशास्त्र वापरले. संगणकाच्या स्मृतीत साठवलेली प्रारंभांची पोथी निरुपयोगी व्हावी म्हणून त्याने पांढऱ्या मोहऱ्या असूनही वजिरापुढचे प्यादे केवळ एक घर पुढे टाकून डाव सुरू केला. डाव बरोबरीत सुटला आणि सामना अखेर कास्पारोव्ह हरला. यंत्राला पोथीबाहेर काढले तरी त्याची गणनाशक्ती जशीच्या तशी राहते. पोथी सोडण्याने तुम्हांला केवळ एक सपाट मैदान मिळते. त्या मैदानावर पळावे मात्र स्वतःच्याच पायांनी लागते. माइल्सचे पाय तयार होते.

येथवरचा युक्तिवाद खेळापुरता झाला. पण या डावाच्या निमित्ताने एक अधिक अवघड प्रश्न पुढे येतो: नियम सोडण्याचा अधिकार कुणाला असतो?

माइल्सची ती पहिली खेळी नवी नव्हती. १८६८ साली लंडनमध्ये विल्हेल्म स्टाइनिट्स एकाच वेळी अनेकांशी खेळत असताना बेकर नावाच्या एका हौशी खेळाडूने हीच खेळी करून त्याला हरवले होते. स्टाइनिट्स पुढे पहिला अधिकृत विश्वविजेता झाला. बेकरच्या विजयाची नोंद राहिली ती एक गंमत म्हणून. शंभराहून अधिक वर्षे ती खेळी तशीच पडून होती. इंग्लंडमध्येच मायकेल बास्मनसारखा एखादा स्वतंत्र वृत्तीचा खेळाडू ती गंभीरपणे खेळत असे, आणि त्यालाही विक्षिप्त म्हणूनच ओळखले जाई. तीच खेळी ग्रँडमास्टरने विश्वविजेत्याविरुद्ध करून दाखवल्यावर तिची गणना 'प्रयोगा'त झाली.

दुसरे उदाहरण आपल्या उपखंडातले आहे. पंजाबचा मीर सुलतान खान १९२९ साली सर उमर हयात खान यांच्याबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यवीर झाला. १९३२ आणि १९३३ सालीही ते अजिंक्यपद त्याच्याकडेच राहिले. तो घडला होता भारतीय पद्धतीच्या खेळात, जेथे प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालते आणि किल्लेकोटाचे नियमही वेगळे असतात. युरोपीय नियम त्याने मोठेपणी आत्मसात केले आणि युरोपातील प्रारंभशास्त्राचा त्याचा व्यासंग समकालीन प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने तोकडा होता. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याची गाठ माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाशी पडली. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना पाचव्याच खेळीत सुलतान खानने वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे एक घर सरकवले. पुढे कापाब्लांकाच्या दोन हत्तींच्या बदल्यात त्याने आपला वजीर दिला आणि प्रदीर्घ, चिवट लढतीनंतर पासष्टाव्या खेळीला डाव जिंकला.

योगायोग पाहण्यासारखा आहे. दोन्ही डावांत एक कडेचे प्यादे आहे, एकच घर आहे आणि समोर त्या-त्या काळातील अजिंक्य मानला गेलेला खेळाडू आहे. सुलतान खानच्या त्या खेळीसारखीच कल्पना पुढे पेट्रोस्यानने वापरली, १९८०च्या दशकात कास्पारोव्हने ती गाजवली आणि आज ती प्रारंभशास्त्रातील एक प्रतिष्ठित पद्धत आहे. मात्र सुलतान खानविषयी जे लिहिले गेले त्याचा सूर वेगळा होता. त्याच्या खेळाला 'उपजत', 'नैसर्गिक', 'अशिक्षित' अशी विशेषणे लागली. त्याचे वर्णन नोकर, निरक्षर असे करण्यात आले. त्याच्या कुटुंबीयांनी अलीकडे या चित्रणावर आक्षेप घेतले आहेत. एखाद्याची प्रतिभा 'नैसर्गिक' ठरवली की त्याने केलेल्या विचाराची दखल घेण्याची गरज उरत नाही. त्याने ते जाणून केले असेल ही शक्यताच पुसली जाते.

संस्कृत व्याकरणपरंपरेत यासाठी एक फार सोयीचा शब्द आहे: आर्ष प्रयोग. ऋषींच्या लेखनात व्याकरणाला न जुमानणारे रूप आढळले तर ते चूक ठरत नाही; ते आर्ष म्हणून स्वीकारायचे असते. तेच रूप विद्यार्थ्याने लिहिले तर ते अशुद्ध. शब्द तोच, रूप तेच. निकाल लागतो तो लिहिणाऱ्याच्या नावावरून. माइल्सची खेळी आर्ष ठरली आणि बेकरची अशुद्ध राहिली. सुलतान खानच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. त्याला निसर्गाच्या खात्यावर जमा करण्यात आले. १९३३ अखेर तो भारतात परतला. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांच्या सामन्यात त्याने प्रतिपक्षाला केवळ एक बरोबरी मिळू दिली, म्हणजे खेळ बिलकूल गंजलेला नव्हता. तरीही युरोपातील स्पर्धांत तो पुन्हा दिसला नाही. १९६६ साली तो वारला. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला सन्मान्य ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ साली.

आम्ही मराठी शिकवतो, म्हणून हा प्रश्न आम्हांला आमच्या वर्गाबाहेरचा वाटत नाही. एम. ए.च्या उत्तरपत्रिकेत आधी चार समीक्षकांची मते, मग त्यांचा समन्वय आणि शेवटी समारोप हा साचा म्हणजे आमच्या विषयाचे प्रारंभशास्त्रच आहे. तो निरर्थक नाही; त्यामागे वाचनाची एक शिस्त आहे. पण एखाद्या विद्यार्थिनीने तो साचा बाजूला ठेवून थेट कवितेच्या दुसऱ्या कडव्यापासून सुरुवात केली, तर तपासणाऱ्याचा पहिला उद्गार बहुधा 'हिने काही वाचलेले दिसत नाही' हाच असतो. तीच सुरुवात एखाद्या नामवंत समीक्षकाने केली तर तिला आपण 'संहितानिष्ठ वाचन' म्हणतो. दोन्ही वेळा आपण पहिल्या खेळीवरच निकाल देऊन मोकळे होतो: एकदा हसून, एकदा टाळी वाजवून. पुढच्या पंचेचाळीस खेळ्या वाचण्याचे कष्ट दोन्ही वेळा टळतात.

यावर असा आक्षेप येईल, की हा सगळा विचार अखेर शिस्तीची वकिली करतो. बंडखोराला तो सांगतो, आधी शास्त्र शीक, मग मोड. आक्षेपात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. सुलतान खानने युरोपचे शास्त्र फारसे शिकलेले नसतानाही कापाब्लांकाला हरवले. त्याच्याजवळ दुसरी शिस्त होती, दुसऱ्या नियमांच्या पटावर वर्षानुवर्षे कमावलेली. माइल्सच्या हशा पिकवणाऱ्या दोन प्याद्यांमागेही एक विचार होता, जो पोथीत नव्हता तरी पटावर होता. म्हणून आमचे म्हणणे 'आधी शास्त्र शिका' असे नाही. शास्त्र मोडणाऱ्याच्या जवळ दुसरे काय आहे ते आधी पाहा, एवढेच आहे. त्याच्याजवळ काहीच नसेल तर डावच ते सांगेल. पंधराव्या खेळीपर्यंत उघडे पडल्यावाचून राहणार नाही. क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले ते याच अर्थाने घ्यावे असे वाटते: अलंकार सुटा घेतला तर चांगलाही नसतो आणि वाईटही, तो कुठे, कशासाठी आला आहे यावर त्याचे मोल ठरते. कडेच्या प्याद्याचेही तसेच आहे.

या कथेला एक उपरोधिक उत्तरार्धही आहे. माइल्सच्या त्या प्रारंभाला 'सेंट जॉर्ज बचाव' असे नाव मिळाले आहे. कोशात त्याला बी शून्य शून्य हा सांकेतिक क्रमांक आहे, त्यावर पुस्तके आहेत आणि कुणाही नवशिक्याला त्याच्या खेळ्या पाठ करता येतात. पाठांतरातून सुटण्यासाठी केलेली खेळी आता पाठांतराचा विषय झाली आहे. बॉबी फिशरने याच कंटाळ्यापोटी १९९६ साली मागच्या रांगेतील मोहऱ्या दर डावाला चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या क्रमाने मांडण्याची पद्धत पुढे आणली. साहित्यातील बंडखोरीचेही असेच होते: कालचे बंड आज अभ्यासक्रमात येते आणि उद्या गाईडमध्ये. आज 'सेंट जॉर्ज' खेळणाऱ्यात माइल्सचे धाडस शोधणे व्यर्थ आहे.

टोनी माइल्स २००१ साली गेला. त्याचा तो डाव ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी पहिल्या दोन खेळ्या झटकन करून टाकाव्यात आणि अठ्ठाविसाव्या खेळीपाशी, वजीर पटावरून गेल्यावर, निवांत बसावे. तेथे हसण्यासारखे काही नाही आणि टाळी वाजवण्यासारखेही फारसे नाही. एक प्यादे जास्त आहे, दोन उंट आहेत आणि समोर जगातला सर्वोत्तम खेळाडू आहे. तो डाव तेथून जिंकून दाखवावा लागतो. ते कसे केले गेले हे एकेका खेळीने पाहण्याची तयारी असेल, तरच कडेच्या त्या प्याद्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.